तीन डाग

विठ्ठलवाडी, उल्हासनगर
११ जानेवारी २०२५

कौसाबाई यांना,

नमस्कार लिहीत नाही. लहानपणापासून तुम्हाला मावशी म्हणत आले, तेही आज लिहीत नाही. फोन तुम्ही उचलत नाही. मेसेजला दोन निळ्या रेघा येतात आणि उत्तर येत नाही. म्हणून कागदावर लिहितेय आणि रजिस्टर करतेय. पोचपावतीवर तुमची सही येईल, मग मिळालं नाही म्हणायची सोय उरणार नाही.

माझी आई बावीस डिसेंबरला गेली तेव्हा मी नगरला नणंदेकडे होते. मी हेंद्रेपाड्याला दादाच्या घरी पोचेपर्यंत तुमच्या सावली मंडळाच्या बायकांनी तिला आंघोळ घालून, साडी नेसवून बाहेर ठेवलंही होतं. मी तुमच्या गळ्यात पडले. "तुम्ही होतात म्हणून माझी आई नीट निघाली," असं चारचौघांत बोलले. त्या बोलण्याची आता लाज वाटते.

गुरुवारी दादाच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तुमच्या मंडळाचे खाजगी मेसेज आले. कुठून आले ते तुमचं तुम्ही शोधा. त्यात तुमच्या नंबरवरून बावीस तारखेला दुपारी लिहिलंय: "गंगूच्या अंगावर तीन डाग होते. मी पाहिले आणि झाकून टाकले. घरच्यांपर्यंत जाता कामा नये. जनी, तू पण पाहिलंस, तोंड उघडू नकोस."

तीन डाग. कानातल्या कुड्या, बोरमाळ आणि पाटली. आई त्यांना हेच म्हणायची आणि सगळ्या आळीला ते माहीत आहे. "माझ्या तीन डागांना हात लावू नका, माझ्यामागे ते स्वप्नालीचे." तुमच्यासमोर शंभर वेळा बोललीय. दादाला विचारलं तर तो म्हणतो, "अंगावरच असतील, बायकांनी काढले असतील, मला काय ठाऊक."

आणि बाकीचे मेसेज? तळमजल्यावरच्या आजींना नेसवायला दोन साड्या जोडाव्या लागल्या, त्याखाली हसणारी सहा तोंडं. मेलेल्या बाईला हसता तुम्ही?

मी जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसाला चारशे पँटींचे टाके बघते, कुठे उसवलंय ते मला लगेच दिसतं. दहा दिवसांत डाग परत आले नाहीत तर पोलीस चौकीत भेटू.

स्वप्नाली


हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
१६ जानेवारी २०२५

चि. स्वप्नालीस अनेक आशीर्वाद. तुला नको असले तरी पाठवते, माझ्याकडे ठेवून मी त्यांचं काय करू?

तुझं पत्र पोस्टमनने सगळ्या बिल्डिंगीसमोर सही घेऊन दिलं. चौथीनंतर शाळा सुटली माझी, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवरचं. पण तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा कळलं.

आधी आमची चूक. आम्ही हसलो ते खरं. पोरी, मेलेलं अंग उचलून बघ एकदा. कंबर धरते, हात दुखतात, मन आंबून जातं. घरी येऊन त्यावर काहीतरी फालतू लिहिलं की जरा घास उतरतो. पण ते लिहायचं नव्हतं. त्या आजींच्या मुलाच्या घरी जाऊन मी पाया पडून आले. त्याने दार अर्धंच उघडलं.

आता तुझा सवाल. गंगूच्या अंगावर दागिना नव्हता. एकही नव्हता. कान रिकामे, गळा रिकामा, हात रिकामा. मला वाटलं, घरच्यांनी आधीच काढून ठेवले असतील, तसंच करतात. डाग म्हणजे दागिना हे तुझ्या आईचं बोलणं लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नाही, ही माझी अक्कल.

मग कसले डाग, असं तू विचारशील. ते मी सांगणार नाही.

मंडळ काढलं त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा समोरच्या इमारतीत एक बाई सकाळी गेली आणि दुपारपर्यंत तशीच पडून होती. बायकांना काय करायचं ते माहीत नव्हतं, नवरा बादली धरून उभा. त्या दिवसापासून आम्ही अकराजणी जायला लागलो. पाटावर जे दिसलं ते पाटावरच ठेवायचं, हा नेम मीच घातला. तो मी फोनवर लिहून मोडला, आता तोंडाने पुन्हा मोडणार नाही.

तू हे पसरवत सुटलीस त्याचं काय झालं ते ऐक. परवा पाण्याच्या टाकीजवळच्या घरात एक म्हातारी गेली. आम्हाला बोलावलं नाही. मयताच्या गाडीबरोबर आलेल्या दोन परक्या पुरुषांनी तिला धुतलं. जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई. ते ऐकून मला जेवण गेलं नाही. एवढं लक्षात घे आणि जिभेला आवर घाल.

कौसा


विठ्ठलवाडी
२१ जानेवारी २०२५

कौसाबाई,

"सांगणार नाही" हे उत्तर चोर पण देतो.

परक्या पुरुषांचं मला ऐकवू नका. तुमच्या हातून जाण्यापेक्षा तेच बरे, ते निदान फोनवर हसत तरी नाहीत. आमच्या कारखान्यातल्या लालवानी भाभी म्हणाल्या, "अरे, मरे हुए का भी नहीं छोड़ा?" सिंधी बायकांपर्यंत पोचलंय तुमच्या मंडळाचं नाव. बदलापुरात तुम्हाला आता सावलीवाल्या नाही, डागवाल्या म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

मी आता दुसरीकडून विचार करतेय. समजा तुम्ही खरं बोलताय, दागिना नव्हता. मग डाग म्हणजे काय, मार? दादाने हात टाकला का आईवर? की वहिनीने? चटके दिले का कुणी? असं असेल आणि तुम्ही ते झाकलं असेल, तर तुम्ही चोरापेक्षा वाईट. एका बाईला घरात मारलं आणि अकरा बायकांनी साडीखाली घालून टाकलं. याला नेम म्हणता?

दोनच गोष्टी आहेत. एक तर तुम्ही चोर, नाहीतर माझा भाऊ राक्षस. कुठली ती मला सांगा. दहा दिवस आज संपले, पण चौकीत जायच्या आधी मला माझ्या घरात कोण काय आहे ते कळायला हवं, म्हणून आठवडा वाढवतेय. उपकार समजू नका.

आणि चि. लिहू नका. मी चाळीस वर्षांची आहे.

स्वप्नाली


हेंद्रेपाडा
२६ जानेवारी २०२५

स्वप्नाली,

नाही लिहिलं चि. झालं समाधान?

राजेंद्रने हात उगारला नाही. सुनेने नाही. त्या घरात कुणीही गंगूला मारलेलं नाही. हे मी देवासमोर दिवा लावून लिहितेय. भावावर असा संशय घ्यायला तुझी जीभ रेटली कशी? चिडका आहे, चिकट आहे, पण आईला रोज सकाळी चहा त्याच्या हातचा लागायचा.

तू टाके बघणारी ना? मग वर्षभरात आईकडे किती वेळा आलीस ते मोज. गणपतीला आलीस ते संध्याकाळच्या आरतीआधी निघालीस. दिवाळीला फोनवर आलीस. विठ्ठलवाडीहून इथे यायला अर्धा तास लागतो. मी रोज दुपारी तिच्याजवळ बसायचे. ती तुझ्या लग्नातल्या गोष्टी सांगायची आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवायचे. माझं तिच्यावर किती होतं ते मला तुझ्याकडून शिकायचं नाही.

मेसेज कसे फुटले ते सांगते. जनीने फोडले, पण मुद्दाम नाही. ती साक्षरता वर्गात अक्षरं शिकली. जे पाहिलं ते तिच्या मनात सलत होतं, बहिणीला विचारावं म्हणून तिने आमचं सगळं बोलणं पाठवायला घेतलं. बहिणीचं नाव फोनमध्ये "अंबरनाथची ताई" आणि बिल्डिंगचा ग्रुप "अंबर छाया". तिने "अंबर" वाचलं आणि बोट दाबलं. तिथून सगळं बोंबललं. मी तिला खूप बोलले.

मंडळातल्या चौघी सोडून गेल्या. एकीच्या सुनेने सांगितलं, "आई, तुम्ही त्या बायकांत दिसलात तर माझ्या माहेरी तोंड दाखवायची सोय नाही." उरलेल्या माझ्या मागे लागल्यात, "कौसाबाई, काय पाहिलं ते सांगून टाका, आमची तरी सुटका करा." जनी नुसती माझ्याकडे बघते. मी त्यांनाही तेच सांगितलं. मेलेल्या मैत्रिणीची झाकली मूठ मी उघडणार नाही. तुला चौकीत जायचं तर जा. वाटेत ऊन लागेल, डोक्यावर काहीतरी घे.

कौसा


हेंद्रेपाडा
४ फेब्रुवारी २०२५

स्वप्नाली,

रविवारी तू केलंस ते मी गॅलरीतून पाहिलं. खाली यायला माझ्या गुडघ्यांनी वेळ घेतला असं मी लोकांना सांगितलं. खोटं आहे. मी जिन्यात थांबले होते.

फाटकाशी तू आणि तुझ्या कारखान्यातल्या दोघी. जनी बाजारातून येत होती. तू म्हणालीस, "हीच पिशवी घेऊन गेली होतीस ना माझ्या आईकडे?" आणि सगळ्यांसमोर ती उलटी केलीस. साबणाची वडी पडली, खोबरेलाची बाटली, कंगवा, कापसाचा गुंडा, सेफ्टी पिनांची माळ. जनी सहा वर्षं तेच घेऊन जाते, स्वतःच्या पैशाचं. खाली बसून एकेक पीन वेचली. कुणी मोबाइल धरून उभं होतं. संध्याकाळपर्यंत ते चित्र जांभूळला माझ्या माहेरी पोचलं होतं.

रात्रभर पडून होते. आता लिहिते ते सगळं वाच, मधे टाकू नकोस.

एकोणीस डिसेंबरला दुपारी गंगू म्हणाली, "कौसे, छातीच्या खाली जळतंय, डावा हात शिसं भरल्यासारखा झालाय." तिने माझ्यासमोर तुला फोन लावला, मोठ्या आवाजात ठेवून. मशीनचा गोंगाट येत होता. तू म्हणालीस, "आई, गॅस असेल, ओवा खा, सेठ बघतोय, ठेवते." हे तुझ्यावर ढकलायला लिहीत नाही. तू लांब होतीस. मी तिच्या अंगाला हात लावून बसले होते.

मी म्हटलं, "वात धरलाय, बिब्बा लावू." जांभूळला माझी आई लावायची. पोट दुखलं, वात धरला की बिब्बा. कुणाकडून शिकले नाही, तिच्या मांडीजवळ बसून बघून बघून आलं. राजेंद्र कामावर, सून बाजारात. मी बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटल्यावर गंगूच्या पोटावर, बेंबीच्या वर, तीन डाग दिले. ती हसून म्हणाली, "माझे आधीचे तीन आणि हे तीन, सहा झाले." मी म्हटलं, "आता गुण येईल." संध्याकाळी तिला बरं वाटलं. म्हणून मी राजेंद्रला काही बोलले नाही, डॉक्टरकडे ने म्हणाले नाही. बावीसला पहाटे दवाखान्यात नेताना ती रिक्षातच गेली. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. पोट नव्हतंच ते.

आंघोळीच्या वेळी जनीने ते डाग पाहिले. भाजल्यासारखे काळे, कडेने फोड. तिने विचारलं, "हे काय, कौसाबाई?" मी वरून कापड ओढलं. घरी येऊन तो मेसेज लिहिला. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून, असं स्वतःलाच सांगितलं. पुढे तू चोर म्हणालीस तेव्हा नेमाच्या आड बसले. चोर म्हणवून घेणं मला सोपं गेलं, कारण ते खोटं होतं.

याची एक प्रत राजेंद्रला दिली, एक जनीला, आणि एक अंबर छायाच्या सूचनाफलकावर मी आज स्वतः लावली. मंडळातून मी निघाले. तुझ्या आईला डॉक्टरकडे नेलं असतं तर ती जगली असती का, ते मला कुणी सांगू शकलं नाही. विचारत मात्र असते.

कौसा


विठ्ठलवाडी
१० फेब्रुवारी २०२५

कौसाबाई,

चोर असतात तर बरं झालं असतं. दागिने गेले म्हणून शिव्या घालून माणूस मोकळं होतं.

माझी आई तुमच्यावर विश्वास ठेवून पोट उघडं करून झोपली. तुम्ही तिला चटके दिले आणि गुण येईल म्हणालात. वर एक महिना मला शिकवत होतात, किती वेळा आलीस ते मोज. तुमच्या आधीच्या पत्रातली ती ओळ मी कापून पर्समध्ये ठेवलीय. "माझं तिच्यावर किती होतं ते मला तुझ्याकडून शिकायचं नाही." रोज वाचते, म्हणजे राग कमी होत नाही.

आता माझं ऐका. डाग दादाकडे होते. आई गेली त्या सकाळीच त्याने तिच्या अंगावरून काढून कपाटात ठेवले होते. मला वाटा द्यायला नको म्हणून गप्प बसला होता. तीस जानेवारीला वहिनीच्या तोंडून निसटलं आणि त्याने आणून माझ्यासमोर टाकले.

हो, तीस जानेवारी. रविवार दोन तारखेला होता. जनीची पिशवी उलटी केली तेव्हा तिने काही घेतलेलं नाही हे मला माहीत होतं. पण दागिने नसतील तर ते डाग काय होते, हे मला कुणी सांगत नव्हतं. तुमचं तोंड कसं उघडायचं ते मला कळत नव्हतं. तुम्ही स्वतःसाठी उघडणार नाही, जनीसाठी कदाचित उघडाल, असं वाटलं. उघडलंत.

ओव्याचं मला आठवत नव्हतं. आता सारखं आठवतं. मशीन चालू झाली की आठवतं, आणि ती दिवसभर चालू असते.

ग्रुपवर मी लिहिलंय की सावलीच्या बायकांनी काही नेलं नाही. त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. चोर म्हटलं होतं तेव्हा शंभर जणांनी लिहिलं होतं.

याला उत्तर पाठवू नका.

स्वप्नाली


अंबर छाया, हेंद्रेपाडा
१७ फेब्रुवारी २०२५

कौसाबाय आणि स्वप्नाली, दोघींना एकच कागद. मला लिहायला वेळ लागतो, दोनदा लिहिणार नाही. झेरॉक्स काढली आहे.

कौसाबायनी त्यांच्याकडे आलेली सगळी पत्रं मला वाचायला दिली. चार दिवस लागले. काही शब्द शेजारणीला विचारले, पण कुणाचं पत्र आहे ते सांगितलं नाही.

तुम्ही दोघी हुशार. छान लिहिता. एकीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दुसरीला तीन दिवस आधी कळलं होतं. पिना मी वेचल्या.

मेसेज माझ्या बोटाने गेला, ती चूक माझी. त्याबद्दल मी प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. सत्तावीस घरं. कुणी बसा म्हणालं नाही.

स्वप्नाली, तुझी आई चांगली होती. तिला आंघोळ घालताना मी तिचे केस दोनदा विंचरले, कारण ते दाट होते आणि गुंता होता. एवढंच मी केलं. तू आमच्या फाटकाशी पुन्हा येऊ नकोस.

कौसाबाय, तुम्ही मला हे काम शिकवलं. मानेखाली हात कसा द्यायचा, पाणी कुठून सोडायचं. ते मी विसरणार नाही. पण माझी पिशवी सांडली तेव्हा तुम्ही जिन्यात होतात. आता मंडळात परत या असं बाकीच्या म्हणतील. मी म्हणणार नाही. बिब्बा कुणाला लावलात तर मी स्वतः डॉक्टरला घेऊन येईन.

फोनवरचा ग्रुप मी पुसला. कुणी गेलं तर आम्ही दारावर जाऊन एकमेकींना सांगतो.

काल शाळेमागच्या घरात एक बाई गेली. तिच्या सुनेने बोलावलं. दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून बोलावलं, हे तिने तोंडावर सांगितलं. आम्ही चौघी गेलो. दारात तिने विचारलं, "त्याच मंडळातल्या ना तुम्ही?"

मी म्हटलं, "त्याच."

"माझी नणंद आत उभी राहील. नजर ठेवायला."

"राहू दे. पण नुसती उभी नको. तांब्या धर म्हणावं, एक हात कमी पडतो."

ती नणंद चष्मेवाली, बँकेत आहे म्हणतात. सुरुवातीला आमच्या हातांकडेच बघत होती. मग तिने तांब्या भरला, आणि आईच्या अंगावर ओतायच्या आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं, पाणी फार गरम नाही ना.

हे आम्ही तिला सांगितलेलं नव्हतं.

जनी